केसांना प्रोटीन की सुताला खळ? (बोअरचं पाणी, शांपू आणि एक रडवेलं गिऱ्हाईक)

मोगरा_जुळे (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात माझं छोटं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन, अकरा वर्षं. एवढ्या वर्षांत माझ्या खुर्चीत रडल्या त्या फक्त नवऱ्या मुली. मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणी केसांपायी रडलं.

कॉलेजातली मुलगी. दिवाळीत बाहेर कुठेतरी केस ब्लीच करून तांबूस रंग लावून घेतलेला. केस कोरडे, टोकं फाटलेली. मी नेहमीसारखं म्हटलं, "प्रोटीन कमी झालंय गं." आम्ही असंच म्हणतो, ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवतात. मग तिला प्रोटीनचा शांपू, प्रोटीनचा मास्क आणि वरून प्रोटीनचं सिरम (हे धुवायचं नसतं) असा सगळा संच दिला. तिने तीन आठवडे इमानेइतबारे वापरला. परत आली तेव्हा केस हातात घेतले, तर नवीकोरी चादर! घडी उलगडताना कडकड करते ना, तशी. कंगवा निम्म्यात अडकला आणि ओढला तर केस तुटून हातात.

पैसे परत दिले, तो विषय मिटला. पण मला झोप येईना. तिन्ही बाटल्यांवर मोठ्ठ्या अक्षरात "दुरुस्ती" लिहिलंय. मागे बारीक अक्षरात हायड्रोलाइज्ड केराटिन, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, सिल्क अमिनो ॲसिड्स, पोटॅशियम कोकॉइल हायड्रोलाइज्ड कोलॅजेन, सोडियम कोकॉइल ग्लुटामेट. हे नेमकं असतं काय? केस प्रोटीनचेच असतात म्हणे, मग प्रोटीन लावून बिघडले कसे? कुणाला ठाऊक असेल तर सोप्या भाषेत सांगा. माझं शास्त्र बारावीपर्यंतच.

बाराबंदी

काय ओ ताई, आमच्यात बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ बी शिजत नाय. केस कुठनं मऊ हुतील? आधी पाणी कुठलं ते सांगा की.

पांजणी

ताई, मी पूर्व भागातला. चाळीस वर्षं सायझिंग आणि डाइंगमध्ये काढली, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो. शांपूतलं मला कळत नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्याला आमच्या धंद्यात एकच शब्द आहे. खळ जास्त झाली.

ताण्याचं सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ देतात. आमचे आजोबा हातमागावर होते, ते याला पांजण म्हणायचे. मागाच्या फणीतून आणि वईतून सूत हजारो वेळा घासतं, त्यात ते पिंजून तुटू नये म्हणून. खळ सुताच्या पोटात शिरून काही सांधत नाही. वरून लपेटते, उभे राहिलेले बारीक तंतू चिकटवून बसवते, सूत गुळगुळीत करते. बेताची दिली तर माग दिवसभर गाणं म्हणतो. जास्त झाली की सूत काडीसारखं होतं आणि वाकवलं की तुटतं. आणि एक लक्षात घ्या, कापड विणून झालं की ती खळ आम्ही धुऊन काढतो. कायम ठेवायची वस्तू नाही ती.

तुमच्या पोरीच्या केसांवर तीन हात खळ चढली आणि उतरवली कुणीच नाही, असं मला दिसतं. बाराबंदीने विचारलंय तेच मीही विचारतो, पाणी कुठलं?

मोगरा_जुळे

काका, खळीचं एकदम पटलं! आई लहानपणी बाबांच्या धोतराला कांजी करायची ते आठवलं.

पाणी बोअरचंच. महापालिकेचं चार-पाच दिवसांनी येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकालाच पुरत नाही. आरओवाल्याने मीटर बुडवून टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १४०० सांगितला होता. बेसिनच्या नळाला पांढरी खपली धरते, दर महिन्याला खरवडते. मुलीच्या घरीही बोअरच, होटगी रोडला.

रसायनवेडा

मूळचा अशोक चौकातला, आता पुण्यात. दुसऱ्यांच्या नावाने शांपू-कंडिशनर बनवून देणाऱ्या कारखान्यात फॉर्म्युलेशनचं काम करतो, म्हणजे त्या बाटलीतला निम्मा गुन्हा माझ्या जातभाईंचाच. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पांजणीकाकांनी निम्मं काम केलंच आहे. केस म्हणजे मुख्यतः केराटिन. त्यात सिस्टीन नावाचं गंधकवालं अमिनो ॲसिड भरपूर असतं आणि त्याच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या साखळ्यांना धरून ठेवतात. केसाचा चिवटपणा बराचसा त्या पायऱ्यांमुळे. ब्लीच केलं की पायऱ्या तुटतात आणि तुटल्या जागी सिस्टेइक ॲसिड तयार होतं. बाहेरून प्रोटीनची बाटली ओतून ही पायरी परत बसत नाही. "दुरुस्ती" हा शब्द मार्केटिंगवाल्यांचा.

मग प्रोटीन करतं काय? आधी "हायड्रोलाइज्ड" समजून घ्या. गव्हातलं, लोकरीतलं, रेशमातलं प्रोटीन अख्खं असतं तेव्हा अवाढव्य असतं आणि बहुतेक वेळा पाण्यात विरघळतही नाही. आम्ल, अल्कली किंवा एन्झाइमने त्याचे तुकडे करतात, तेच हायड्रोलिसिस. तुकडे किती बारीक झाले यावर सगळा खेळ. हजार डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) खालचे म्हणजे अगदी चुरा झालेले तुकडे केसाच्या आत थोडेफार शिरतात, तिथे पाणी धरून ठेवतात. मोठे तुकडे वरच बसतात, सुकले की पातळ पापुद्रा. केस जाड वाटतो, केसावरचे बारीक खवले चपटे बसतात, चमक येते. हा खोटेपणा नाही, उपयोग खराच आहे. पण आहे तो खळीचाच.

आता तो पापुद्रा धुतल्यावर टिकावा कसा? पाण्यात विरघळणारी वस्तू पाण्याबरोबरच जाणार. म्हणून त्या तुकड्याला धन भाराचं शेपूट जोडतात. बाटलीवर "हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम हायड्रोलाइज्ड" अशी आगगाडी दिसली की समजा, हे चिकटून राहणारं प्रोटीन. केसाचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्याच्यावरचे धन आणि ऋण भार सारखे असतात तो, ३.७च्या आसपास, आपल्या नळाच्या पाण्याचा पीएच ७च्या वर. म्हणजे धुताना केसावर ऋण भारच असतो, धन शेपूट त्याला जाऊन बिलगतं. त्यात ब्लीच केलेल्या केसावर सिस्टेइक ॲसिडमुळे ऋण जागा कैक पटींनी वाढलेल्या. निरोगी केसावर जेवढं बसतं त्याहून जास्त तिथे बसतं.

आता बोअर. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हेही धन भाराचेच. त्यांनाही त्याच जागा आवडतात. केसावरच्या ऋण जागाच नव्हेत, तर प्रोटीनच्या पापुद्र्यातल्या ऋण जागासुद्धा ते पकडतात. एका थरावर दुसरा थर, मध्ये चुना. ताई, तुमच्या त्या गिऱ्हाइकाच्या केसांवर नळासारखीच खपली धरली होती, फक्त डोळ्यांना दिसत नव्हती.

(अवांतर: टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे. टीडीएसच्या मीटरला साधं मीठही दिसतं. कठीणपणा मोजायचं थेंब टाकून रंग बदलणारं किट मिळतं, ते आणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्या असं आहे.)

हुतात्मा_एक्स्प्रेस

पुण्यात हॉस्टेलला केस मऊ आणि सोलापुरात उतरलो की झाडू. मला वाटायचं हवेचा फरक. वाचनखूण साठवली.

कुरळी_केतकी

याला आमच्या कुरळ्या केसांच्या ग्रुपवर "प्रोटीन ओव्हरलोड" म्हणतात! केसाच्या आत प्रोटीन जास्त झालं की ओलावा कमी पडतो. ओला केस ताणून बघायचा. ताणून परत आला तर बॅलन्स्ड, ताणतच गेला तर प्रोटीन हवं, टचकन तुटला तर प्रोटीन जास्त. मी दर पंधरा दिवसांनी करते ही टेस्ट.

रसायनवेडा

केतकी, अनुभव खरा आहे, स्पष्टीकरण मला पटत नाही. केसाचं सुकं वजन बहुतेक प्रोटीनचंच. अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाने त्यात "जास्त" काय होणार? जास्त होतं ते वर, आत नव्हे. आणि एक केस ताणून ब्लीचचं नुकसान कळतं, बाटली कुठली निवडायची ते नाही. टचकन तुटणारा केस बऱ्याचदा सरळसरळ खराब झालेलाच असतो.

अर्ध्या टक्क्यावरून आठवलं. कारखान्यात प्रोटीनचा कच्चा माल येतो तोच बहुधा वीस-पंचवीस टक्क्यांचं द्रावण, बाकी पाणी. ते आम्ही शंभर किलोला एक किलो घातलं की प्रत्यक्षात प्रोटीन पाव टक्का. बाटलीवरची यादी उतरत्या क्रमाने असते, पण एक टक्क्याखालचे पदार्थ कसेही मांडता येतात. फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि जास्तीत जास्त एक टक्काच चालतं. त्याच्या मागे सात प्रोटीनांची रांग उभी असेल तर ती सगळी लग्नपत्रिकेतल्या "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं"सारखी, नावापुरती.

कुरळी_केतकी

😂 आता घरातल्या सगळ्या बाटल्या उलट्या करून वाचतेय.

मोगरा_जुळे

दादा, ते "पोटॅशियम कोकॉइल हायड्रोलाइज्ड कोलॅजेन" राहिलं. ते शांपूच्या यादीत बरंच वर होतं. तेही खळच का?

रसायनवेडा

नाही, ती वेगळी जात. चांगला प्रश्न, आणि माझा लाडका विषय.

फेस करणाऱ्या प्रत्येक रेणूला दोन टोकं लागतात, एक तेलाकडे ओढणारं, एक पाण्याकडे. खोबरेल तेलातली स्निग्ध साखळी हे तेलाचं टोक. त्याला सल्फेटचं डोकं लावलं तर एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट). कडक, भरपूर फेस, स्वस्त. त्याऐवजी प्रोटीनचा तुकडा डोकं म्हणून लावला तर झालं तुमचं कोकॉइल हायड्रोलाइज्ड कोलॅजेन. १९३०च्या दशकात जर्मनीत हे प्रकार निघाले, तेही आधी कापड उद्योगासाठी. कोलॅजेन म्हणजे कातड्यातलं प्रोटीन, चामड्याच्या कारखान्यातल्या तुकड्यांना त्यानिमित्ताने गिऱ्हाईक मिळालं. पांजणीकाका, म्हणजे ही वस्तू तुमच्या आळीतून माझ्या आळीत आली.

हे सौम्य का? एसएलएसचे सुटे रेणू त्वचेच्या प्रोटीनला जाऊन चिकटतात, ते फुगवतात, म्हणून हात खरबरीत होतात. हे मोजायची गमतीशीर चाचणी आहे. मक्यात झेइन नावाचं प्रोटीन असतं, ते पाण्यात विरघळत नाही. झेइनची पूड शांपूच्या द्रावणात ढवळायची आणि किती विरघळली ते बघायचं. एसएलएस भरपूर विरघळवतं, प्रोटीनच्या डोक्याचे रेणू फारच कमी. जेवढं झेइन कमी विरघळलं तेवढा शांपू त्वचेला सौम्य. शिवाय हे थोडंसं एसएलएसमध्ये मिसळलं तरी त्याची धार कमी होते, कारण एसएलएसचे मोकळे रेणू यांच्यात गुंतून राहतात आणि त्वचेपर्यंत कमी पोचतात. म्हणून बहुतेक बाटल्यांत हे एकटं नसतं, कडक्याच्या जोडीला असतं.

तोटे? वास. कच्च्या मालाचा ड्रम उघडला की सरस उकळल्याचा वास येतो, रंग तपकिरी. सुगंध जास्त घालावा लागतो. आणि टिकवायची जास्त काळजी घ्यावी लागते, कारण प्रोटीन हे जिवाणूंचंही जेवण. घरी जिलेटिनचं पाणी करून स्प्रे भरून ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

सोडियम कोकॉइल ग्लुटामेट त्याचीच धाकटी बहीण. इथे अख्खा तुकडा नाही, एकच अमिनो ॲसिड, ग्लुटामिक. तेच, ज्याचं मीठ म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो. आता हे प्राण्यातून येत नाही. साखरेची मळी किंवा स्टार्च यांवर जिवाणू वाढवून आंबवून काढतात. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको, मळीचा वास आपल्याला पाठ आहे. कठीण पाण्यात साबणासारखा चोथा हे करत नाही, त्वचेच्या पीएचला नीट चालतं. फक्त मीठ घालून घट्ट होत नाही, त्यामुळे शांपू पातळ वाटतो आणि गिऱ्हाईक म्हणतं पाणी घातलंय. ताई, तुमच्या संचात हेच सगळ्यात निरपराध होतं.

शाकंभरी

एक मिनिट. कोलॅजेन कातड्यातलं?? आमच्या घरी अंड्याची भांडीसुद्धा वेगळी नाहीत, कारण अंडंच नाही. सासूबाई सकाळी सिद्धेश्वराला जाऊन आल्याशिवाय चहा घेत नाहीत. आणि मी त्यांना दर रविवारी कोलॅजेनने न्हाऊ घालतेय? केराटिनचं काय? माझ्या बाटलीवर "व्हेजिटेबल केराटिन" लिहिलंय.

रसायनवेडा

वनस्पती केराटिन बनवतच नाहीत. त्या बाटलीत बहुधा गहू, मका, सोया यांच्या प्रोटीनचं मिश्रण असेल, केराटिनमधल्या अमिनो ॲसिडांच्या प्रमाणाशी जुळवलेलं. म्हणजे नाव फसवं, पण तुमच्यासाठी बाटली चालेल. नुसतं "हायड्रोलाइज्ड केराटिन" असेल तर लोकर, पिसं, शिंगं, खूर यांतलं काहीतरी. कोलॅजेन गाय, डुक्कर किंवा मासा. पुढच्या बाजूला हिरवा ठिपका आहे का बघा. नसेल तर मागची यादी. गहू, तांदूळ, सोया, वाटाणा, ग्लुटामेट ही नावं तुमची. रेशमाचं तुम्ही ठरवा.

पांजणी

रेशमाचं मी सांगतो. कच्च्या रेशमावर डिंकासारखा थर असतो, सेरिसिन. वजनात जवळजवळ चौथा हिस्सा. तो साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात काढावा लागतो, त्याशिवाय रेशमाला ना चमक येते ना रंग नीट बसतो. आम्ही ते पाणी गटारात सोडायचो. पण एक गोष्ट खरी, त्या हौदावर काम करणाऱ्या बायकांचे हात मऊ असायचे, सोड्यात हात घालूनही. कापूस धुणाऱ्यांचे हात भेगाळलेले, रेशीमवालींचे नाहीत. आमचा मास्तर म्हणायचा रेशमाची माया. आता कळतंय, तेच सेरिसिन तुम्ही लोक बाटलीत भरून विकता.

आणि शाकंभरीताई, रेशमासाठी कोष किड्यासकट उकळतात. सोवळं नेसून आपण पूजा करतो तो भाग निराळा.

शाकंभरी

काका 🙏 हे सासूबाईंना सांगणार नाही. पैठणीचं कपाट रिकामं होईल.

बाराबंदी

आमच्या मातोश्रीचा उपाय, अंडं फेटून डोक्याला. प्रोटीनच प्रोटीन. फकस्त एकदा गरम पाण्यानं धुतलं आणि डोक्यावर भुर्जी झाली. कांदा-मिरची तेवढी राहिली बे.

रसायनवेडा

बाराबंदी, अंड्यातलं पांढरं साठ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, त्यामुळे भुर्जी शास्त्रशुद्ध आहे. अख्ख्या प्रोटीनचा रेणू एवढा मोठा की आत जायचा प्रश्नच नाही. मऊपणा येतो तो पिवळ्या बलकातल्या लेसिथिनने आणि तेलाने.

आईच्या उपायांतला एक मात्र प्रयोगशाळेत पास झालेला आहे. खोबरेल. मुंबईत झालेलं रेले आणि मोहिले यांचं काम २००३ साली छापून आलं. न्हायच्या आधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातून होणारी प्रोटीनची गळती कमी झाली, सूर्यफूल तेलाने आणि मिनरल ऑइलने नाही. खोबरेलातलं लॉरिक ॲसिड सरळ आणि लहान साखळीचं, म्हणून ते आत शिरतं. म्हणजे बाहेरून प्रोटीन थापण्यापेक्षा आहे ते धुऊन न जाऊ देणं सोपं.

मोगरा_जुळे

मग पार्लरमध्ये "केराटिन" करतात ते? माझ्याकडे एक पुरवठादार डबा घेऊन आला होता. डेमो दिला. इस्त्री फिरवायला लागल्यावर धुराने मला आणि मॉडेल मुलीला दोघींना डोळ्यांतून पाणी. तो म्हणे, केराटिन आत जातंय म्हणून. मी डबा परत पाठवला, पण आसपासच्या सगळ्या पार्लरमध्ये चालतंय आणि गिऱ्हाइकं तिकडे जातायत.

ओपीडीनंतर

त्वचारोगात एमडी करते आहे, म्हणून हा प्रतिसाद मीच देते. परत पाठवलात ते उत्तम केलंत. त्या प्रकारात केस सरळ करतं ते केराटिन नाही. बऱ्याच उत्पादनांत फॉर्माल्डिहाइड किंवा ते सोडणारं काहीतरी असतं, यादीत "मिथिलीन ग्लायकॉल" किंवा "फॉर्मालिन" नावानेही. सव्वादोनशे अंशांच्या इस्त्रीखाली ते वायू होऊन तुमच्या डोळ्यांत आणि फुप्फुसात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलंय. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा हुंगतं, पार्लरवाली रोज.

"फॉर्माल्डिहाइड फ्री" डब्यांत बऱ्याचदा ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. तेही निर्धोक नाही. ते डोक्याच्या त्वचेतून शोषलं जाऊन मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचल्याचे, मूत्रपिंड अचानक बिघडल्याचे रुग्ण इस्राएल आणि फ्रान्समधून नोंदले गेलेत. असं केल्यावर एक-दोन दिवसांत कंबरदुखी, उलट्या झाल्या तर ओपीडीत केसांचंही सांगा. कुणी सांगत नाही.

आणि गव्हाच्या प्रोटीनबद्दल एक. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात हायड्रोलाइज्ड गहू प्रोटीन होतं, फक्त ०.३ टक्के. पण त्याचे तुकडे बारीक नव्हते, साधारण साठ हजार डाल्टनचे. रोज चेहरा धुता धुता लोकांना त्याची ॲलर्जी बसली आणि मग गहू खाल्ल्यावर पापण्या सुजणं, अंगावर गांधी, काहींना तर ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. २०११ मध्ये साबण परत मागवला, नोंदलेले रुग्ण दोन हजारांच्या वर. त्या आधी ते लोक आरामात नूडल्स-पाव खात होते. नंतर २०१७ मध्ये युरोपियन युनियनने नियम केला, सौंदर्यप्रसाधनातल्या हायड्रोलाइज्ड गहू प्रोटीनचं सरासरी वजन साडेतीन हजार डाल्टनच्या वर नको. त्यामुळे शांपूतल्या गव्हाला घाबरून जाऊ नका. पण फुटलेल्या, खाजऱ्या, एक्झिमावाल्या त्वचेवर प्रोटीनची प्रसाधनं मी तरी लावायला सांगत नाही.

बाराबंदी

आम्ही मालदांडीची भाकरी खाणारी माणसं. गव्हानं काय बी हुत नाय.

ओपीडीनंतर

भाकरीवाल्यांच्याही घरी पुरणपोळी होते ना 🙂

शाकंभरी

डॉक्टर, चेहऱ्याच्या कोलॅजेन क्रीमचं पण सांगून टाका. (प्राण्याचं ते कळलं. उपयोग असतो का?)

ओपीडीनंतर

अख्ख्या कोलॅजेनचा रेणू तीन लाख डाल्टनचा. शाबूत त्वचेतून साधारण पाचशेच्या वरचं काही सहज जात नाही. त्यामुळे ते आत जाऊन सुरकुती भरणं अशक्य. वर बसून पाणी धरतं, तासभर त्वचा ताणल्यासारखी छान वाटते. तेच काम ग्लिसरीन करतं आणि ते मेडिकलमध्ये कुठेही मिळतं.

मोगरा_जुळे

मंडळी, दोन आठवडे गायब होते कारण प्रयोग केला. हसू नका.

कपाटात आईचं जुनं गंगावन होतं. आधी पांजणीकाकांना फोनवर विचारलं की खरे केस आहेत की नायलॉन, कसं ओळखू. ते म्हणाले, दोन केस चिमट्यात धरून जाळ. पीस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर खरं. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन. जाळलं. सगळं पार्लर पीस जळल्यासारखं घाण वासाने भरलं, म्हणजे आई खरं गंगावन घालत होती!

त्याच्या चार बटा केल्या, रबर लावले, चारीही सारख्या ब्लीच केल्या. किट आणून पाणी मोजलं, बोअरचा कठीणपणा ६५०. मग रोज एक धुणं, दहा दिवस.

पहिली बट: बोअर आणि साधा शांपू. दुसरी: बोअर आणि तोच प्रोटीनचा संच. तिसरी: महापालिकेचं साठवलेलं पाणी आणि प्रोटीनचा संच. चौथी: बोअर, प्रोटीनचा संच, आणि शेवटी लिटरभर पाण्यात पाव चमचा लिंबूसत्त्व घालून एक हात.

चौथ्या धुण्यापर्यंत मला काहीच फरक दिसेना. सहाव्याला दुसरी बट वाळल्यावर सरळ उभी राहायला लागली. आडवी धरली तर लोंबत नाही, काडीसारखी पुढे! नखाने खरवडली तर नखात पांढुरकी पूड. तिसरी दिसायला सगळ्यात सुंदर, भरगच्च, चमकदार. पहिली कोरडी आणि राठ पण मोकळी. चौथीने मला चकित केलं, तिसरीएवढी नाही पण दुसरीच्या जवळपासही नाही.

म्हणजे त्या पोरीला प्रोटीनने मारलं नाही, प्रोटीन आणि बोअरने मिळून मारलं. आणि तीन थर मी दिले, हेही आहेच.

पांजणी

शाब्बास. आमच्या डाइंगमध्ये नवीन मास्तर एवढं करत नव्हते.

रसायनवेडा

ताई, तुमच्या नखातली पूड हा या धाग्यातला सगळ्यात भारी पुरावा. आता त्या मुलीसाठी: आधी खळ उतरवा. यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असलेला शांपू, तो कॅल्शियम पकडून नेतो. मग लिंबूसत्त्वाचं पाणी, डोळ्यांत जाऊ न देता आणि डोक्याला कुठे जखम-ओरखडा नसताना. मग साधा कंडिशनर, सेट्रिमोनियम किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराइडवाला, प्रोटीन शून्य. प्रोटीन पुन्हा द्यायचंच असेल तर महिन्यातून एकदा, एकच वस्तू, धुऊन टाकायची. तुटलेला भाग परत जोडला जाणार नाही, तो कात्रीनेच जाईल, हे तिला आधी सांगा.

मोगरा_जुळे

सांगितलं. दोन इंच कापले आणि बाकीचं तुम्ही सांगितलं तसं केलं. पैसे घेतले नाहीत. काल आली तेव्हा कंगवा सरळ खालपर्यंत गेला. हसली नाही, पण रडलीही नाही. पुढच्या महिन्याची वेळ घेऊन गेली.

चारही बटा आरशाशेजारी टांगल्यात, खाली चिठ्ठ्या लावून. कालच एक बाई तिसऱ्या बटेला हात लावून म्हणाल्या, "मला हे करून द्या, कितीला?" मी म्हटलं, हे पाणी आहे, घरनं कळशीभर घेऊन या.

महापालिकेचं पाणी सुटलंय, टिपाड भरायला घेते. यावेळी एक जास्तीचं आणलंय, पार्लरसाठी.